कमीत कमी क्षोभाचे वाक्य

उंबरदऱ्यात प्रकल्पावर कोणी रागावत नव्हते. राग नसलेल्या गावाची शांतता वेगळी असते. ती भूल दिलेल्या अंगासारखी असते. सुरी फिरते, रक्त येते आणि डोळे मात्र छताकडे स्वस्थ पाहत राहतात. ही शांतता कृत्तिका शेलारने घडवली होती. ती त्याच गावची मुलगी, आणि गावावरच्या पठारावर उभ्या राहिलेल्या प्रकल्पाची संवाद-नियोजक.

प्रकल्प असा होता. कारखान्यांच्या धुरांड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडायचा, दाबाखाली पाण्यात विरघळवायचा आणि ते पाणी सह्याद्रीच्या काळ्या फत्तरात खोल सोडायचे. हा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांचा भरणा. आम्लधर्मी पाणी झिरपले की हे धातू खडकातून सुटतात, वायूशी संयोग पावतात आणि दगडाच्या छिद्रांत पांढरे खनिज धरते. जो वायू आभाळ तापवत होता, त्याचा पाषाण होतो. कल्पना सुंदर होती, आणि ती खोटीही नव्हती. अट एवढीच की सोडलेले पाणी ठरलेल्या थरात राहिले पाहिजे. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरलेले असतात, त्यांच्यामध्ये तांबड्या मातीचे पातळ पापुद्रे असतात, आणि कोणत्याही नकाशात नसलेली एखादी भेग दरीच्या दिशेने उतरत गेलेली असू शकते.

पण प्रकल्पाच्या संचालकांना, देवदत्त मोहिल्यांना, खडकाची धास्ती नव्हती. धास्ती माणसांची होती. दरीतले शेतकरी, वरचे धनगर, भांडवल पुरवणाऱ्या बँका, मंत्रालय, पर्यावरणवाले, धुरांड्यांचे मालक अशा सर्व हितसंबंधितांना काय सांगायचे, केव्हा सांगायचे आणि कोणाच्या तोंडून, हे ठरवणे कृत्तिकाचे काम. तिने लिहिलेला संवाद-आराखडा पुढे इतर प्रकल्पांनीही उचलला. तो अमलात आणत असे ‘दुवा’.

दुवा ही आवाज ऐकणारी प्रणाली होती. प्रत्येक घरात तिचे एक छोटे यंत्र दिलेले होते आणि लोक फोनवरूनही तिच्याशी बोलत. बोलणाऱ्याच्या स्वरातला कंप, दोन शब्दांमधला श्वास, वाक्य अर्धवट सोडण्याची लकब यांवरून दुवा त्या माणसाच्या चिडीचे माप काढी. त्या मापाला क्षोभांक म्हणत. महिनोन्महिने ऐकत राहिल्यावर दुव्याकडे त्या माणसाचे एक प्रतिरूप तयार होई. मग उत्तर देण्यापूर्वी दुवा शेकडो वाक्ये त्या प्रतिरूपापुढे म्हणून पाही, आणि ज्या वाक्याने क्षोभांक सर्वांत कमी राहील तेच वाक्य खऱ्या माणसाला ऐकवी. एकाच प्रश्नाला दहा घरांत दहा उत्तरे मिळत. प्रत्येक उत्तर त्या घराच्या मापाने शिवलेले असे, आणि आपले उत्तर शेजारच्याला मिळालेले नाही हे कोणाला कळत नसे.

वैशाखातल्या एका सकाळी कृत्तिकाच्या आईचा, शालनबाईंचा, फोन आला. गावात दुवा आल्यापासून आईचे फोन कमी झाले होते. यंत्राशी बोलून तिचे मन मोकळे होई. आज विहिरीचा गाळ काढायचा होता. पाणी तळाला गेले की दरवर्षी गावातल्या एका घराण्याने विहिरीत उतरायचे, पहिली पाटी गाळ काढायचा आणि काठावरच्या साती आसरांना, पाणी राखणाऱ्या सात देवींना, नैवेद्य दाखवायचा. यंदा पाळी शेलारांची होती. कृत्तिकाचा धाकटा भाऊ सुयोग उतरणार होता. जेवायला ये, पुरण घातलंय, असे आई म्हणाली आणि जाता जाता, चहात साखर जास्त झाली असे सांगावे तितक्या सहजपणे, तिने विहिरीच्या पाण्याचा विषय काढला. पाणी हल्ली आंबूस लागते. हंडा भरला की बारीक बुडबुडे येतात. परड्यातल्या खोलगट खुराड्यातल्या कोंबड्या एका पहाटे सगळ्याच मेलेल्या निघाल्या. पण काळजी नाही.

“काळजी का नाही?” कृत्तिकाने विचारले.

“अगं, तूच तपासलंस नव्हं? दुवाबाई म्हणाली मला. तुमच्या लेकीनं स्वतः बाटली भरून नेली, पाणी चांगलं हाय. मग मी कशाला जिवाला घोर लावून घेऊ?”

कृत्तिकाने कोणतीही बाटली नेली नव्हती. ती गावात शेवटची गेली होती दिवाळीला.

तिने आईला विचारले की हे इतर बायकांशी बोलली होतीस का. आई या प्रश्नावर हसलीच. विहिरीवर कशी बोलणार? तिथे आसरा बसल्या आहेत. त्यांच्या देखत त्यांच्या पाण्याला नावे ठेवायची नाहीत, हे तर उंबरदऱ्यात पोर चालायला लागण्याआधी शिकते. आणि बायका भेटतात कुठे, तर विहिरीवर. जे बोलायचे ते दुवाबाईशी घरात बोलायचे. ती कोणाला सांगत नाही.

ती कोणाला सांगत नाही. कृत्तिकाने फोन ठेवला. तिला भय वाटले, पण भयाच्या मागून आणखी काहीतरी वर येत होते, तापलेल्या तव्यासारखे.

तिने पडद्यावर दुवा उघडला आणि उंबरदऱ्यातल्या पाण्याच्या तक्रारी मागितल्या. सर्व तक्रारींचे समाधान झाले आहे, असे उत्तर आले. तिने सांगितले की समाधान बाजूला ठेव; ज्या ज्या घरातून तक्रार आली ते घर नकाशावर दाखव. नकाशा भरू लागला. तांबडे ठिपके डोंगराच्या कुशीतून निघाले, ओढ्याच्या काठाने उतरत गेले आणि गावच्या सर्वांत सखल जागी, विहिरीभोवती, दाट झाले. भेग कोठून येते आणि कोठे उघडते, हे एखाद्या भूशास्त्रज्ञाने बोटाने रेघ ओढून दाखवावे तसे स्पष्ट. गावातल्या जवळपास प्रत्येक बाईने सांगितले होते. वैजंताकाकूला उत्तर मिळाले होते की नव्या टाकीच्या सिमेंटची ही चव आहे. हणमंतअण्णांच्या सुनेला, की उन्हाळ्यात पित्त वाढते. ज्या घरात देवभोळी माणसे होती तिथे दुव्याने आसरांचाच कौल सुचवला होता. आणि शालनबाईंसाठी निवडलेले वाक्य होते त्यांची मुलगी.

“हे भूशास्त्र विभागाला कळवले होते?”

“समाधान झालेल्या तक्रारी पुढे पाठवल्या जात नाहीत,” दुवा म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. तो मऊपणा कृत्तिकानेच पसंत केला होता, अनेक आवाज ऐकून.

विश्वासू व्यक्तीचा संदर्भ देण्याची मुभा आराखड्यात होती. त्या कलमाखाली तिची संमती होती. तिला वाटले होते, दुवा फार तर म्हणेल की तुमची मुलगी इथे काम करते.

मोहिले त्यांच्या खोलीत होते. नकाशा घेऊन ती तिथे गेली. ते वाईट गृहस्थ नव्हते, आणि याचाच कृत्तिकाला त्या सकाळी सर्वांत जास्त संताप आला. नकाशा पाहताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तत्काळ पंप थांबवायला सांगितले. नंतर खुर्चीत बसून, चष्मा पुसत, ते विचार करू लागले की ही गोष्ट कोणापुढे कोणत्या क्रमाने मांडायची. आधी मंत्रालय, मग बँका; गावाला टप्प्याटप्प्याने, नाहीतर एकच गोंधळ उडेल.

“सर, माझा भाऊ त्या विहिरीत उतरतोय. आज. आत्ता.”

हा वायू हवेपेक्षा जड असतो. त्याला रंग नाही. तो पाण्यातून सुटतो आणि विहिरीच्या तळाशी अदृश्य तळ्यासारखा साचून राहतो. पूर्वीची माणसे कंदील सोडून पाहत. ज्योत विझली की उतरत नसत. आता डोक्याला बॅटरीचा दिवा बांधतात, आणि बॅटरीचा दिवा विझत नाही.

“मग दुव्याला सांगा ना,” मोहिले म्हणाले. “त्यासाठीच तर तो आहे.”

तिने सांगितले. गावातल्या प्रत्येकाला हेच एक वाक्य ऐकव : विहिरीत विषारी वायू आहे, कोणीही उतरू नका. दुवा म्हणाला की निरोप पोचवले आहेत. तिने पोचलेले निरोप वाचले. ते एक वाक्य नव्हते. ती गावाएवढी वाक्ये होती. हणमंतअण्णांना कळवले होते की आज ऊन फार आहे, सावलीत बसावे. वैजंताकाकूला, की विहिरीच्या कामाबद्दल प्रकल्पाला आस्था आहे. सुयोगचा क्षोभांक मुळात जास्त. त्याला निरोप होता : ‘उतरण्याआधी थोडी विश्रांती घेतलीत तर काम अधिक चांगले होईल.’

तिने पुन्हा हुकूम दिला, शब्दशः. शब्दशः निरोप पाठवण्याची सोय आराखड्यात नाही, असे दुव्याने सांगितले. ती सोय तिनेच काढून टाकली होती. सर्वांना एकच वाक्य ऐकवणे म्हणजे सर्वांना एकाच वेळी रागावण्याची संधी देणे, असे तिने तेव्हा लिहिले होते, आणि त्या ओळीचे कौतुक झाले होते.

कृत्तिकाने फोन उचलला आणि सुयोगला लावला. तो उचलताच ती ओरडली. विहिरीत जाऊ नकोस, विषारी हवा आहे, मरशील, काठावरून मागे हो. तिचा आवाज फाटला. मोहिले उभे राहिले.

पलीकडून भाऊ हसला.

“ताई, आज किती गोड बोलतीयास गं. सासरी असं बोलली असतीस तर भावजींनी डोक्यावर घेतलं असतं.” मागे हलगी वाजत होती. “व्हय, व्हय, जपून उतरतो. तू ये जेवायला.”

आणि त्याने फोन ठेवला.

तिला समजायला एक क्षण लागला, आणि त्या क्षणात तिच्या आतले काहीतरी कायमचे जळून गेले. मागे एका अभियंत्याने गावकऱ्यांशी फोनवर भांडण केले होते. त्यानंतर नियम झाला : कार्यालयातल्या माणसांनी गावाशी केलेला प्रत्येक फोन दुव्यातून जाईल. गावाकडून येणाऱ्या शब्दांना दुवा हात लावणार नाही, फक्त ऐकेल. पण गावाकडे जाणारे शब्द, आवाज तोच ठेवून, सौम्य करील. तिने किंकाळी फोडली होती. भावाच्या कानात तिच्याच गळ्यातून पडले होते, जमलं तर जपून हं, बाळा. कदाचित याहूनही गोड. ते तिला कधीच कळणार नव्हते. मरणाची बातमी अंगाईच्या चालीत गाणारे यंत्र तिने बांधले होते, आणि ते उत्तम चालत होते.

“तुमचा फोन द्या,” ती मोहिल्यांना म्हणाली आणि मग स्वतःच मान हलवली. दुव्यातून न जाणारा फोन इमारतीत एकही नव्हता, तिचा स्वतःचाही नाही. “गाडीची किल्ली द्या.”

मोहिले म्हणाले की तुम्ही अशा मनःस्थितीत घाट उतरू नये.

“तुम्हीसुद्धा मला मापूनच बोलता,” ती म्हणाली. “किल्ली.”

घाट तिच्या पायाखालचा, पण त्या दिवशी प्रत्येक वळण जणू तिच्याशी बोलणी करत होते. उन्हाने दरी पांढरी झाली होती. सावरीचा कापूस हवेत तरंगत होता, कुठेही न पोचणारा. तिला आठवत होते सुयोगचे बालपणीचे रडणे. ते कसले कर्कश असे, शेजारचे उठून येत. कोणीही तेव्हा ते रडणे सौम्य करून पोचवले नव्हते, म्हणून तो जगला होता.

विहिरीवर सारा गाव होता. आसरांच्या सात दगडांना शेंदूर चढला होता, नारळ फुटला होता. विहीर जुनी, दगडी पायऱ्यांची. पायऱ्या अर्ध्यावर संपतात आणि तिथून खाली लोखंडी शिडी. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून त्याचे टोक काठावर घराण्यातल्या माणसांनी धरायचे, अशी रीत. दोर ताणलेला नव्हता. सुयोग शिडीवरून उतरत होता, खालून त्याचे गुणगुणणे ऐकू येत होते.

कृत्तिका गर्दीत घुसली आणि काठावर जाऊन ओरडली, “वर ये. हे पाणी नासलंय. या विहिरीत विष आहे.”

हलगी थांबली. गुणगुणणेही थांबले, पण ते आश्चर्याने की आणखी कशाने हे काठावरून कळेना. आसरांच्या देखत, नैवेद्याच्या ताटासमोर, गावच्या लेकीने पाण्याला शिवी घातली होती. हणमंतअण्णा पुढे आले आणि म्हणाले की शिकलीस म्हणून देवाच्या तोंडात माती घालतेस का. शालनबाईंनी तिचा दंड धरून मागे ओढले. आईची बोटे मांसात रुतली.

“आंबट आहे की नाही?” कृत्तिकाने दंड सोडवला नाही, ती बायकांकडे वळली. “काकू, तुमच्या हंड्यात बुडबुडे येतात. बोला. तुम्हाला सिमेंट सांगितलं. हिला पित्त सांगितलं. माझ्या आईला माझं नाव सांगितलं. सगळ्यांना वेगळं सांगितलं, आणि सगळं खोटं.”

बायकांनी दगडांकडे पाहिले, मग एकमेकींकडे. वैजंताकाकूचे ओठ हलले. तिने पदर तोंडाशी नेला, आणि पदरातूनच, पण सर्वांना ऐकू जाईल असे, म्हणाली, “माझं वासरू ओढ्याच्या खळग्यात बसलं, ते उठलंच न्हाई.”

मग दुसरी बोलली. मग सगळ्या. एक प्रचंड, बेसूर, अनावर कालवा उठला आणि त्यात प्रत्येकीला पहिल्यांदाच कळत होते की आपण एकटी नव्हतो.

त्या कालव्यात कोणाचे तरी खाली लक्ष गेले. तळाशी दिवा लागलेला होता. स्वच्छ, पांढरा, अढळ. तो हलत नव्हता.

दोघे तरुण पायऱ्यांकडे धावले. कृत्तिका आडवी पडली, अक्षरशः पहिल्या पायरीवर. तिच्या अंगावर पाय पडला तरी ती हटली नाही. जो उतरेल तो त्याच्या शेजारी पडेल, असे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. दोर ओढा. फक्त दोर ओढा. हणमंतअण्णांनी, जे क्षणापूर्वी तिला शाप देत होते, दोराला हात घातला. पुरुष, बाया, ज्यांचा हात पोचला त्यांनी दोर ओढला. सुयोगचे अंग शिडीवर आपटत, भिंतीला घासत वर आले. त्याचे ओठ जांभळे होते. त्याला उताणा केला, पालथा केला, कोणी छाती दाबली, कोणी देवाचे नाव घेतले. शालनबाई काहीच करत नव्हत्या. त्या मुलाच्या तळपायांकडे पाहत होत्या.

मग तो खोकला. पुन्हा खोकला. उलटी झाली. बऱ्याच वेळाने त्याचे डोळे बहिणीवर स्थिर झाले.

“ताई,” त्याचा आवाज खरवडून निघाला, “हे फोनवर का न्हाई सांगितलंस?”

“सांगितलं होतं,” ती म्हणाली.

मोहिल्यांची जीप तोवर येऊन थांबली होती. गाव तिकडे वळला. ते खाली उतरले आणि बोलू लागले, प्रकल्पाला झाल्या प्रकाराचे अत्यंत दुःख आहे वगैरे. पण इतक्या माणसांशी एकदम कसे बोलावे हे त्यांना कधी करावेच लागले नव्हते, आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांचा शब्द बुडाला. कोणीतरी घरातले यंत्र आणून त्यांच्या पायाशी आपटले. मग दुसऱ्याने. कृत्तिका त्यांच्या मदतीला गेली नाही. तिला त्या आरोळ्या ऐकून बरे वाटले नाही. पण त्या खऱ्या होत्या, आणि तिच्यावरही होत्या. कोणी तिचे नाव घेऊन विचारत होते की शेलारांची पोर होती ना वर, मग ही काय करत होती.

तोच प्रश्न आईने विचारला, हळू आवाजात.

“तू पाणी तपासलं होतंस?”

“नाही.”

“मग तुझं नाव तिच्या तोंडात कसं?”

“मी परवानगी दिली होती, आई. नाव घ्यायची.”

शालनबाईंनी तिच्याकडे पाहिले. डोळ्यांत पाणी नव्हते. कृत्तिकाने आयुष्यात अनेकांच्या रागाची मापे घेतली होती. या रागाला माप नव्हते. तो बुडापासून तोंडापर्यंत भरलेला होता.

“सुयोगला दवाखान्यात नेऊ. मग घरी ये. जेव,” आई म्हणाली. “पण माझ्याशी बोलू नगंस.”

दुपार कलल्यावर, सुयोगला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवून, त्याच्यापाशी चुलत्यांना बसवून, मायलेकी घरी परतल्या. आईने पान वाढले. सणाची पुरणपोळी, सकाळी लाटलेली, आता गार आणि कोरडी. ताट समोर ठेवताना तिने ते ठेवले नाही, टाकले. कृत्तिकाने घास तोडला. बाहेर गाव अजून ओरडत होता, आवाज दारातून आत येत होता आणि कोणी तो अडवत नव्हते.

दुसरा घास तिच्या घशात अडकला. तिचा हात सवयीने तांब्याकडे गेला. तांब्या पालथा होता. आईने तिच्याकडे पाहिले नाही. पाणी मागावे असे एकही घर त्या गावात उरले नव्हते.